सदर लॅपटॉपचा पंचनामा

११ फेब्रुवारी

राग आवरेना म्हणून लिहायला बसलो. सौ. म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडता? मी का बंद पाडला? ओरडायचंच आसंल तर कागदावर ओरडा." म्हणून ही डायरी. बँकेनं फुकट दिलेली आहे. जानेवारी सगळा कोरा गेला, जाऊ द्या.

हकीकत अशी. दिवाळीत घेतलेला लॅपटॉप आज चौथ्यांदा आपोआप बंद पडला. सौ. टाइप करत बसली होती, कुठं काही दाबलं नाही, धक्का नाही, अन् गप्पकन काळा. चार महिन्यांची वस्तू! चार महिन्यांत तर म्हशीचं रेडकूसुद्धा धडधाकट चालतं.

मी राजेंद्र कडूबा दांडगे, निवृत्त तलाठी. सिल्लोड तालुक्यात तेहतीस वर्षं काढली, आता छत्रपती संभाजीनगरात घर बांधून राहतो. हल्ली म्हणे तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. म्हणा बापहो. स्वतःच्या डायरीत स्वतःची ओळख लिहीत नाहीत हे मला कळतं, पण नाव-गाव-हुद्द्याशिवाय कागद सुरू करायची माझ्या हाताला सवय नाही.

लॅपटॉपचं बिल माझ्या नावावर. पैसे सौ.च्या भिशीचे होते, पण दुकानदारानं नाव विचारलं तेव्हा मी पुढं होतो. वापरते मात्र सौ. म्हणजे रत्नमाला. आमचं लग्न तिच्या बारावीच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी लागलं, अन् परीक्षा राहिली ती राहिलीच. मी रिटायर व्हायच्या आतच तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय लोकप्रशासन. सगळे पेपर झाले, राहिला एक प्रकल्प, चाळीस पानांचा. त्यातली एकतीस पानं झालीत आणि ती त्या लॅपटॉपमध्ये आहेत. ३० एप्रिलच्या आत प्रकल्प जमा केला तर पदवी, नाही तर वर्ष गेलं. पंचावन्नाव्या वर्षी एक वर्ष जाणं म्हणजे काय, ते आज तिच्या तोंडाकडं बघून कळलं मला.

प्रकल्पाचा विषय काय ते सांगत नाही. "तुम्हाला काय करायचंय," म्हणते. पण रोज जेवताना विचारते, "अहो, गारपिटीच्या साली पंचनामे किती झाले होते? पीक पाहणीला किती दिवस लागायचे?" आता कुठं माझ्या नोकरीची किंमत कळायला लागली तिला. बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी

लॅपटॉप वॉरंटीत आहे. उद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचा, तेजोमय कॉम्प्युटर्स. मी म्हणालो, मुद्देमाल असा उघड्यावर कुणाच्या हवाली करायचा नसतो, आधी पंचनामा. सौ. हसली, पण कागद घेऊन बसलीही. मी सांगतो अन् ती लिहिते, अशीच आमची पद्धत आहे. तिचं अक्षर बरं आहे.

पंच क्रमांक एक, शेजारचे श्रीधरराव, बँकेतून निवृत्त. पंच क्रमांक दोन, भाजीवाली पारूबाई. ती दारात मेथी घेऊन आलीच होती, टोपली उतरवून आत घेतली. श्रीधरराव म्हणाले, "दांडगे, अहो लॅपटॉप आहे, गारपिटीतली केळी नव्हेत." मी म्हणालो, "बसा गुमान. चहा मिळंल."

मी सुरुवात केली. "आम्ही खाली सह्या करणारे पंच आज रोजी सकाळी दहा वाजता समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर लॅपटॉपच्या पूर्वेस देवघर, पश्चिमेस सोफा, दक्षिणेस फ्रीज, उत्तरेस श्रीधरराव." चारी बाजू लिहिल्याशिवाय पंचनामा होत नाही. माझ्या मते तेवढ्यात भागलं असतं. सौ.नं मात्र उगाच लांबण लावलं. भिंग आणून खालचा नंबर उतरवला. तळाचे स्क्रू बोट ठेवून मोजले, दहा. डाव्या कोपऱ्यावर ओरखडा, लांबी अर्धा इंच. मग लॅपटॉप चालू करून आत कुठंतरी शिरली आणि म्हणाली, "मेमरी सोळा. साठवण खोक्यावर पाचशे बारा जीबी, पडद्यावर चारशे सत्त्याहत्तर."

मी म्हणालो, "काय ते एकच लिही."

"दोन्ही लिहिते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र अन् मोजणीतलं क्षेत्र कधी जुळलंय का तुमचं?"

श्रीधरराव इतके हसले की चहा सांडला. सोफ्याचं कव्हर धुवायला टाकलंय.

पंचनामा चालू असताना मुद्देमाल दोनदा बंद पडला. वेळेसकट त्याचीही नोंद घेतली. पारूबाईनं सही केली. अंगठा नाही, सही. कधी शिकली कोण जाणे, सौ.कडं चहाला थांबते तेव्हा पाटी दिसते खरी एखादी. सही करून म्हणाली, "आता मला कोर्टात बोलवत्याल का?"

"नाय हो पारूबाई, त्याची काय गरज पडणार."

"बोलावलं तर सांगा. नवी साडी हाय, घडी मोडायची राहिलीय."

१४ फेब्रुवारी

गुलमंडीवरून लाल मांजरपाट आणून त्यात लॅपटॉप बांधला, कचेरीतलं दप्तर बांधतात तसा. काउंटरवर मोनिका नावाची पोरगी होती. गाठ सोडताना ती गालात हसत होती. हसू दे.

मी लॅपटॉप देऊन निघालो तर सौ.नं बाही धरली. "पोच?" म्हणाली. मग पंचनामा पुढं करून, "बाळा, हे वाच, ताडून बघ, आणि वस्तू अशीच मिळाली म्हणून खाली सही कर." पोरीनं खरंच एकेक ओळ ताडून बघितली. स्क्रूसुद्धा मोजले. "काकू, उत्तरेस श्रीधरराव म्हणजे काय?" असं विचारलं, तेवढंच तिला उलगडलं नाही. सही केली, शिक्का मारला. वर सौ.नं जॉब कार्डावर "आतील माहितीस धक्का लावू नये" असंही लिहून घेतलं. बायकांना साध्या कामाचा घोळ घालायची सवय असते. बाहेर रिक्षा ताटकळत ठेवली होती मी.

२६ फेब्रुवारी

आठ फोन झाले. "पार्ट आला नाही", "इंजिनिअर रजेवर", "उद्या नक्की". तेहतीस वर्षं हीच उत्तरं मी लोकांना दिली असतील, पण ऐकायला इतकी वाईट लागतात हे माहीत नव्हतं.

सौ. उरलेली पानं हातानं लिहितेय. मला म्हणाली, "तुम्ही नका चिडू. एकतीस आत सुखरूप आहेत ना, मग झालं."

६ मार्च

सकाळी फोन आला, लॅपटॉप तयार. सौ. अभ्यासकेंद्रात गेली होती. मी म्हणालो, तिला चकित करू. एकटाच गेलो. काउंटरवर मोनिका नव्हती, मालक स्वतः होता. "काका, एकदम मक्खन करून दिलाय. टेन्शन नक्को." कागद पुढं सरकवला, मी सही ठोकली. झोकदार. माझ्या सहीला तालुक्यात मान होता.

येताना पाव किलो पेढे घेतले.

दुपारी सौ. आली, पेढा खाल्ला, हात धुऊन लॅपटॉप उघडला. बंद पडत नव्हता, हे खरं. पण आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज, मांडीवर ठेवला तर चटका. 'क' चं बटण मेलेलं. आणि पानं नाहीत. एकतीसच्या एकतीस नाहीत. तिनं सगळीकडं शोधलं. मग त्या आतल्या जागी जाऊन आकडा बघितला आणि पंचनामा मागितला.

पंचनाम्यात साठवण चारशे सत्त्याहत्तर. आता दोनशे अडतीस.

मी खुर्चीतून उठलोच. "अतिक्रमण! निम्मं क्षेत्र दाबलं त्यांनी!"

तळाशी स्क्रू सात. ओरखडा तेवढा जागच्या जागी.

सौ. एवढंच म्हणाली, "चांगलं काढून घेतलं अन् कुठलं तरी जुनं अर्ध्या मापाचं बसवलं. माझी पानं त्या काढलेल्यात आहेत." आणि मग ती स्वयंपाकघरात गेली, भांडी नसताना नळ सोडून उभी राहिली. पेढे तसेच पडलेत.

७ मार्च

आज मान खाली घालायची पाळी आली.

सौ.ला घेऊन तणतणत गेलो. मालक म्हणाला, "काका, आला तेव्हा एवढाच होता." मी आवाज चढवला. त्यानं शांतपणे एक कागद काढला. "दुरुस्ती समाधानकारक. सर्व भाग व आतील माहिती तपासून घेतली. तक्रार नाही." खाली माझी सही, झोकदार. कालच्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी आज पहिल्यांदा वाचलं. समोर आलेला कागद बरोबरच असतो अशी माझी सवय. आजवर कधी नडली नाही.

रिक्षात बसल्यावर सौ.नं माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "न वाचता केली?"

"व्हय."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, माझा जीव अर्धा झाला. वाकून बघतो तर हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. म्हणाली, "तुमचा दोष नाय. तेहतीस वर्षं मीच लावली ही सवय."

काय म्हणायचं होतं ते नीट कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

९ मार्च

ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे, सौ.ला अभ्यासक्रमातच होता. फोन लावून तिनं अर्धा तास सगळं सांगितलं. तारखा, वेळा, आकडे, पोच, एकदाही अडखळली नाही. मी बाजूला बसून मान डोलावत होतो. तक्रारीचा नंबर मिळाला. मी तो देवघराच्या दारावर चिकटवला.

११ मार्च

डायरीच्या मागच्या पानावर पिवळा डाग पडलाय, बोटाएवढा. शाई फुटते बहुतेक. पेन बदललं पाहिजे.

२१ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. "ग्राहकाने समाधान व्यक्त केल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे." माझी सही मला चावायला उठली आहे.

रागारागानं अंगणात सतरा चकरा मारल्या. श्रीधरराव कुंपणावरून म्हणाले, "आता वकील करा दांडगे." सौ. आतून म्हणाली, "वकील लागत नाही. ग्राहक आयोगात स्वतःचं स्वतः मांडता येतं. मी लिहायला घेतलंय." सकाळपासून ती काय लिहीत होती ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं किराणा.

२४ मार्च

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल. मी सांगितलं, सौ.नं लिहिलं. म्हणजे खरं तर मी "सदर" आणि "उपरोक्त" कुठं घालायचे ते सांगितलं, त्यातले निम्मे तिनं काढून टाकले. ३० एप्रिलची मुदत आहे म्हणून तातडीचा वेगळा अर्जही जोडला. मला सुचलं नव्हतं ते.

पंचांची प्रतिज्ञापत्रं झाली. पारूबाईनं गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, "मी पंच हाय." आज तिनं कोथिंबीर फुकट दिली आणि म्हणाली, "ही लाच नाय बरं का ताई."

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. पुरणपोळी चार खाल्ल्या. सौ.नं गुढीपाशी लॅपटॉपची पूजा केली, सात स्क्रूंसकट. मी म्हणालो, त्या भिकारड्याची कसली पूजा? ती म्हणाली, "त्याचा काय दोष? त्यालाच तर लुबाडलंय." इतकं हसलो दोघं की श्रीधरराव बघायला आले.

९ एप्रिल

आज पहिली तारीख. सगळं क्रमानं लिहितो.

मी, सौ., श्रीधरराव आणि नवी साडी नेसून पारूबाई. समोर मालक, त्यांचे वकील, आणि मागं भिंतीला टेकून मोनिका. तिला का आणलं होतं देव जाणे.

अध्यक्ष मॅडम पंचनामा वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या. "उत्तरेस श्रीधरराव?" मागून श्रीधरराव उठून उभे राहिले. "हजर आहे, मॅडम." सगळी खोली हसली. मालकाचे वकीलसुद्धा हसले, मग त्यांनी खोकला काढला.

त्यांनी माझी समाधानाची सही दाखवली. मॅडमनी पंचनाम्याच्या खालची सही दाखवून विचारलं, "ही कुणाची?" मालक म्हणाला, "गर्दीत पोरगी कशावरही सही करते." तेवढ्यात मोनिका भिंत सोडून पुढं आली. "नाही मॅडम. मी ओळ न ओळ ताडून सही केली. स्क्रू मोजले. साठवण पाचशे बाराचीच होती." मालकाकडं बघितलंसुद्धा नाही पोरीनं. पारूबाई मोठ्यांदा "शाब्बास गं बाई" म्हणाली आणि तिला गप्प बसायला सांगावं लागलं.

मग वकिलांनी नवा फाटा काढला. "बिल या गृहस्थांचं, पानं यांच्या पत्नीची. बाई मुळात ग्राहकच नाहीत." सौ. उठली. "मॅडम, विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरतो तोही ग्राहकच, असं कायद्यात आहे. संमती होती का, ते ह्यांना विचारा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "संमती होती?"

"तिला माझ्या संमतीची कधी गरज पडली नाही मॅडम. पण होती."

पुन्हा हशा. शेवटी मॅडम म्हणाल्या, "हा पंचनामा कुणी केलाय? इतकं नेमकं काम आमच्याकडं क्वचित येतं."

मी छाती काढून म्हणालो, "मी. निवृत्त तलाठी." त्यांनी कौतुकानं मान हलवली. सौ. फाइलीची नाडी बांधत होती.

दोन्ही बाजूंची तयारी असेल तर मध्यस्थापुढं बसा म्हणाल्या, तारीख १७. बाहेर पडल्यावर आम्ही सगळ्यांनी इम्रती खाल्ली. मस्त दिवस गेला.

१० एप्रिल

कालचा दिवस मस्त गेला असं लिहिलंय, पण काहीतरी टोचतंय. सौ. नेहमीसारखीच आहे. भाजीत मीठ बरोबर आहे. तरी काहीतरी टोचतंय. पित्त असेल.

१७ एप्रिल

मिळालं! मिळालं! मिळालं!

मालकानं एका पाकिटातून ती साठवणीची पट्टी काढून टेबलावर ठेवली. च्युइंगमच्या पुडीएवढी चीज! म्हणाला, चुकून दुसऱ्याच्या लॅपटॉपात बसली होती. चुकून तर चुकून. कंपनीचा माणूसही आला होता, तो नवा लॅपटॉप द्यायला तयार झाला. सर्व्हिस सेंटरनं लेखी माफी मागायची. तडजोडीवर सह्या २२ तारखेला.

मोनिकेनं ती नोकरी सोडली. कंपनीच्या माणसानं तिचा नंबर घेतलाय, स्क्रू मोजणारी माणसं आम्हाला हवीत म्हणाला. खरं-खोटं बघू, पण पोरगी खुशीत होती. सौ.नं तिला रविवारी जेवायला बोलावलंय.

१८ एप्रिल

पट्टी परत बसवून, 'क' साठी बाहेरचा कीबोर्ड जोडून पानं उघडली. एकतीसच्या एकतीस. सौ.नं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मग चक्क माझ्या पाठीवर बुक्की मारली. हातानं लिहिलेली नऊ पानं तिनं दुपारपर्यंत घातली आणि सगळा प्रकल्प छापून आणायला मला पाठवलं. दुकानात गर्दी होती. उभ्या उभ्या वाचायला लागलो. त्या समाधानाच्या सहीपासून न वाचलेला कागद हातात धरवत नाही.

विषय असा: "तलाठी सज्जाचे काम आणि तलाठ्याचे घर: नोंद नसलेला वाटा."

तिसरं प्रकरण इथं उतरवून घेतो, थोडंसं. "गारपिटीच्या वर्षी पंधरा दिवसांत तीनशे बारा पंचनामे झाले. तलाठी दिवसभर शिवारात फिरत. घरी येऊन ते तोंडी सांगत आणि त्यांची पत्नी लिहीत असे. सांगण्यात सुटलेली झाडे, विहिरी आणि वारसांची नावे ती विचारून घेत असे. प्रत्येक कागदावर अक्षर पत्नीचे आणि सही तलाठ्याची. पत्नीवर विश्वास असल्याने तलाठी कागद वाचत नसत."

छपाईवाला म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "धूळ गेली डोळ्यात."

तीनशे बारा. त्या साली तिला ताप होता, चांगलं आठवतंय मला. ताप असताना लिहिले तिनं. आणि तहसीलदारांनी माझा सत्कार केला, त्याचा नारळ मी घरी आणून तिलाच फोडायला सांगितला.

त्या दिवशी आयोगात माझ्या तोंडून "मी" निघालं तेव्हा ती नाडी बांधत होती. पित्त नव्हतं ते.

मला माझीच लाज वाटते. अन् तिचा इतका अभिमान वाटतो की छपाईवाल्यालासुद्धा तिसरं प्रकरण वाचायला लावलं.

२२ एप्रिल

तडजोडीवर सह्या करायला गेलो. मध्यस्थ मॅडमनी कागद पुढं केला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सगळे वाट बघत बसले. मग म्हणालो, "मॅडम, सहीच्या आधी एक दुरुस्ती. आमच्या खात्यात लिहिण्यात चूक झाली तर कलम १५५ खाली ती सुधारता येते. तुमच्याकडं तसं काही आहे का?"

"कसली चूक?"

"पंचनामा कुणी केला असं अध्यक्ष मॅडमनी ९ तारखेला विचारलं होतं. मी 'मी' म्हणालो. ते खोटं आहे. श्रीधररावांपर्यंतचा माझा. पुढचं सगळं, नंबर, स्क्रू, आकडे, पोच, ही रत्नमाला दांडगे हिनं केलंय. तक्रारही तिचीच. मी फक्त न वाचता सह्या करतो."

रत्नमाला माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, काय हे, लोक बघतायत." मी म्हणालो, "बघू दे की."

मॅडमनी तक्रारदार म्हणून तिचं नाव वर घातलं, खरेदीदार म्हणून माझं खाली. सही करताना तिनं माझंच पेन मागितलं.

परत येताना रिक्षात ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. लग्नाला सदतीस वर्षं झाली, ही गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

२८ एप्रिल

प्रकल्प जमा. मुदतीच्या दोन दिवस आधी. पोच घेतली. मी मागितली.

८ जुलै

निकाल! रत्नमाला राजेंद्र दांडगे, बी.ए., प्रथम श्रेणी! प्रकल्पाला शंभरपैकी एक्याण्णव!

पारूबाईनं टोपली खाली टाकून तिला मिठी मारली, वांगी रस्ताभर. श्रीधरराव हार घेऊन आले आणि उत्तरेलाच उभे राहिले. मोनिकेचा फोन आला, तिला कंपनीत नोकरी लागली. मी पाव किलो नाही, पाच किलो पेढे आणले. आता घरात गर्दी आहे, रत्नमाला सगळ्यांना नव्या लॅपटॉपवर निकाल दाखवतेय, आणि मी कोपऱ्यात बसून एक राहिलेलं काम करतोय.

फेरफार क्रमांक १

वर्णन: लॅपटॉप एक. तसेच पंचनामे, पाहण्या, उतारे, एकूण तेहतीस वर्षांचे.

मूळ नाव: (राजेंद्र कडूबा दांडगे). कंस केला आहे, म्हणजे नाव कमी.

नवीन नाव: रत्नमाला राजेंद्र दांडगे, बी.ए.

कारण: वहिवाट पहिल्यापासून तिचीच होती, कागदावर आणायची राहून गेली.

हरकत: कुणाचीही नाही.

तलाठ्यानं नोंद केली तरी वरच्या मंडळ अधिकाऱ्यानं तपासून सही केल्याशिवाय ती पक्की होत नाही. म्हणून डायरी आज पहिल्यांदा कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवतो आणि पेढे वाटायला जातो.

*नोंद तपासली. ११ फेब्रुवारीपासूनची सर्व पानेही वेळच्या वेळी तपासली आहेत. पेन बदलू नये, शाई फुटत नाही, ती हळद आहे. १४ फेब्रुवारीच्या पानावर "बायकांना साध्या कामाचा घोळ घालायची सवय असते" असे आले आहे, ती लिहिण्यातली चूक समजून कंस करावा. मूळ नाव कमी करू नये, दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवावीत. या दुरुस्तीसह नोंद मंजूर.*

*र. रा. दांडगे*
*मंडळ अधिकारी, घर*

*(सही करण्यापूर्वी संपूर्ण वाचले.)*